एकतीस तवे

"आण्णा, हे पाकीट तुमचं हाय ना?"

सत्यशीलाबाईंनी पाकीट वाचनालयाच्या टेबलावर, उघड्या वर्तमानपत्रावर ठेवलं. मी चष्मा काढून पुसायला घेतला. तेवढाच वेळ मिळाला.

"कोणतं पाकीट?"

"काल सांजच्याला दुकानाच्या दाराखालून कुणीतरी सरकवलं. आत दोन हजार हायत. नाव न्हाई घातलं. पण वर 'पूरग्रस्तांसाठी' लिव्हलंय, अन् असं मोत्यावानी अक्षर मी रोज तुमच्या बाहेरच्या फळ्यावर बघते."

आता नाकारण्यात अर्थ नव्हता. मी म्हणालो, "राहू द्या ना. दारोदार फिरायची तुम्हाला तकलीफ नको म्हणून..."

"म्हणजे मी तुमच्या दारात येऊ नये म्हणून."

"तसं नाही हो."

"तसंच हाय, आण्णा. तुमचं मन चांगलं हाय म्हणून तसं हाय, पण तसंच हाय." त्यांनी पाकीट माझ्याकडं सरकवलं. "तुमी चोरून द्यायलेत. मग मी काय चोरून घेऊ? आज पाचला मी तुमच्या गल्लीत यायलेय. दारात द्या. दोन हजार द्या, वीस रुपये द्या, न्हाई तर देऊ नका. पण दारात."

त्या गेल्या. वाचनालयात पेपर वाचत बसलेले दोघे-तिघे माझ्याकडं बघत होते. मी पाकीट खिशात घातलं आणि तारीख चुकलेला रबरी शिक्का उगाच नीट करत बसलो.

सत्यशीलाबाईंचं शिवणकामाचं दुकान ताडकळसच्या बसस्टँडसमोर आहे. दुकान म्हणजे दहा बाय आठचा गाळा, दोन मशीन, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली लावलेल्या दोरीवर तयार ब्लाउज. चौतीस वर्षं त्या तिथं बसतात. नवरा लवकर गेला. एक मुलगी, तिला डी.एड. केलं, ती पालमला शिक्षिका आहे. यात सांगण्यासारखं काही नाही, असं त्या स्वतःच म्हणतील.

पण त्यांची एक गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक होती. त्या कोणाच्या दारात जात नसत. माप घ्यायचं असेल तर बाईनं दुकानात यायचं. कपडे तयार झाले तर दुकानातून न्यायचे. शिलाई राहिली असेल तर ती दुकानात आणून द्यायची, आणि नाही दिली तर राहिली. मागायला त्या गेल्या नाहीत. लोकांनी त्याचा फायदा घेतला, हेही खरं. माझी पत्नी मनकर्णा गुडघ्यांनी बेजार आहे. ती दरवर्षी कुरकुरते, "माप द्यायला चौकापर्यंत रिक्षा करून जावं लागतंय. लय ताठ बाई हाय." आणि दरवर्षी रिक्षा करून तिथंच जाते.

हा ताठपणा कुठून आला, हे मला माहीत होतं. गावात हे आठवणारी माणसं आता थोडीच उरली आहेत, आणि जी आहेत त्यांतली बरीच विसरल्यासारखं दाखवतात.

आमच्या घराला सात दगडी पायऱ्या आहेत. घर आता सिमेंटचं झालं, पायऱ्या जुन्याच राहिल्या. मी आठ-नऊ वर्षांचा असताना सत्यशीलाबाईंचे वडील, नागनाथ, रोज दिवस कलताना त्या पायऱ्यांखाली उभे राहायचे. गावकीची कामं करायची, निरोप पोचवायचे, मेलेलं जनावर ओढायचं, आणि बदल्यात घरोघर टोपली घेऊन येसकर भाकर मागायची, अशी ती रीत होती. माझी आई वरच्या पायरीवरून भाकर टोपलीत सोडायची. सोडायची, म्हणजे हात लागू नये इतक्या उंचीवरून. कधी भाकर टोपलीच्या कडेला लागून खाली पडायची. ते वाकून उचलायचे. मी आईचा पदर धरून हे बघत असे. मला त्यात काही वावगं वाटत नसे. आज लिहिताना मी हे मऊ करून लिहू शकलो असतो, पण मग लिहायचं कशाला.

एका संध्याकाळी ते टोपली न घेता आले. धुतलेला सदरा होता अंगात. म्हणाले, "आईसाहेब, उद्यापासनं भाकर काढू नका. आमी येणार न्हाई." त्यांचा समाज धम्मात गेला त्याला तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. एवढंच बोलून ते गेले. आईच्या हातात भाकर तशीच राहिली.

पुढं मुली मोठ्या झाल्या तेव्हा नागनाथांनी त्यांच्याकडून वचन घेतलं होतं. मेलं तरी चालेल, कुणाच्या दारात हात पसरायचा नाही.

यंदा नवरात्राच्या तोंडावर गोदावरी कळमगावात शिरली. कळमगाव म्हणजे पालमच्या पुढं, अगदी नदीच्या काठावरचं लहान गाव. सत्यशीलाबाईंची थोरली बहीण रेणुका तिथं दिलेली. खालच्या अंगाची एकतीस घरं पाण्यात गेली. काही मराठ्यांची, काही बौद्धांची, दोन धनगरांची. माणसं शाळेत आणून ठेवली म्हणून वाचली. बाकी काही वाचलं नाही.

आपल्याकडं अशा वेळी पहिली आठवण होते ती भाकरीची. ताडकळसच्या पोरांनी कर्ण्यावरून पुकारा केला, घरटी दहा भाकरी आणि ठेचा. टेम्पोवाला महारुद्र त्यांचा पुढारी. दीड तासात टेम्पो भरला. बहिणीला बघायला सत्यशीलाबाईही त्याच टेम्पोत बसून गेल्या. मी गेलो नव्हतो. मला हे सारं नंतर महारुद्रनं सांगितलं, आणि थोडं त्यांनी.

कळमगावात टेम्पो उभा राहताच गर्दी झाली. पोरं वर उभी, माणसं खाली. पोरं चांगलीच होती, दोन रात्रींची जागलेली होती. पण गर्दी आवरेना, तेव्हा त्यांनी वरून भाकरी टाकायला सुरुवात केली. खाली हातच हात. सत्तरीचा एक माणूस दोन्ही हात वर करून उभा होता, बायका पदर धरून होत्या. एक भाकर चिखलात पडली. तिच्यासाठी दोघे वाकले.

सत्यशीलाबाईंनी महारुद्रचं मनगट धरलं.

"टाकू नको."

"काकू, लोक उपाशी हायत!"

"खाली उतर अन् हातात दे. वरून टाकू नको."

तो उतरला. भाकरी वाटून झाल्या. पण रेणुकानं भाकर घेतली नाही. ती शाळेच्या भिंतीला टेकून बसली होती. बहिणीला म्हणाली, "तीन दिवस झाले गं. ह्या गावची भाकर, त्या गावची भाकर. कोणती शिळी, कोणती आंबलेली. लोक देतेत, त्यांचं भलं होवो. पण मला पीठ दे, तवा दे. माझी मी करते. चूल पेटली की मी घरात हाय असं वाटंल."

परतताना टेम्पोत सत्यशीलाबाई म्हणाल्या, "उद्यापासनं भाकर गोळा करायची न्हाई. तवा, परात, दोन पातेली, शेगडी, अन् महिन्याची ज्वारी. एकतीस घरांला."

महारुद्र हसला. "काकू, सोपं हाय का? भाकर लोक देतेत, घरात असते. हे ऐंशी हजाराच्या वर जाईल. पैसे कोण मागणार? तुमी? तुमी तर तुमच्या शिलाईचे पण मागत न्हाई!"

टेम्पोतली सगळी पोरं हसली. त्यांचा काही दोष नव्हता. गावातला तो जुना विनोद होता.

पालम मागं पडलं. मग सत्यशीलाबाई म्हणाल्या, "मी मागीन."

हे कळल्यावर मी ते पाकीट सरकवलं होतं. मला वाटलं, निदान आमच्या पायऱ्यांपुरतं त्यांचं वचन राहील. चांगुलपणाच्या नावाखाली माणूस स्वतःला किती ठिकाणांहून वाचवत असतो, हे मला त्यांनी पाकीट परत आणल्यावर कळलं.

पाचला मी ओसरीवर बसलो होतो. मनकर्णा शेजारी शेंगा फोडत होती. ती म्हणाली, "सारखे उठायलेत कामून? मुलगी बघायला येणार हायत का तुमच्याकडं?"

"मी खाली जाऊन उभा राहतो. म्हणजे तिला चढावं नाही लागणार."

"बसा गप. चढू द्या तिला."

त्या आल्या. बरोबर महारुद्र पावतीपुस्तक घेऊन. बाईंनी पांढरी, निळ्या काठाची साडी नेसली होती, जयंतीला नेसतात तशी. समोरच्या घरांच्या खिडक्यांतून माणसं बघत होती. गावाला बातमी लागलेली होती. त्या पायऱ्यांपाशी थांबल्या आणि खाली दगडाकडं बघत राहिल्या. महारुद्रला काही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "काकू, मी जाऊन घेऊन येतो ना."

"न्हाई."

त्या सात पायऱ्या चढल्या. कठडा असून धरला नाही. वर येऊन दारासमोर उभ्या राहिल्या.

"कळमगावच्या एकतीस घरांच्या चुली बुडाल्यात," त्या म्हणाल्या. "त्या पुन्हा मांडायच्या हायत. तुमच्या घरचा वाटा मागायला आले."

मी पाकीट पुढं केलं. त्यांनी ते घेतलं, तिथंच उघडून मोजलं, महारुद्रकडून पावती लिहून घेतली आणि मला दिली.

मग हळूच विचारलं, "बाबा कुठं उभे ऱ्हायचे, आण्णा?"

मी बोटानं दाखवलं. शेवटच्या पायरीच्या खाली, उजव्या अंगाला.

"तुमी बघितलंय?"

"बघितलंय."

त्यांनी मान हलवली. "मी त्यांचा शब्द मोडायलेय."

मनकर्णा म्हणाली, "अगं, तू काय स्वतःसाठी मागायलीस का? त्यांच्यासाठीच ना?"

"स्वतःसाठी नसलं तरी हात माझाच हाय, वहिनी."

मनकर्णानं शेंगांची सुपली बाजूला सारली. ती भिंतीला धरून उठली, आत गेली आणि बऱ्याच वेळानं तिची परात घेऊन आली. जड, पितळी, तिच्या माहेरची.

"ही पण घे. पावती नको."

"वहिनी, ही कशाला? नव्या घ्यायच्यात आपल्याला."

"तुझ्या बहिणीला दे. अन् हे बघ, दिवाळीचं माप आजच घे माझं. आता आलीच हायस घरी, तर माझे रिक्षाचे पैसे वाचव."

सत्यशीलाबाई डोळे पुसून हसल्या. "न्हाई. मापाला दुकानात यायचं."

"बघा! म्हटलं होतं ना, लय ताठ हाय!"

दुसऱ्या दिवसापासून पावत्या लिहायला मी जाऊ लागलो. महारुद्रला टेम्पोचं भाडं होतं, आणि त्याचं अक्षर त्यालाच लागत नाही. आठ दिवस आम्ही फिरलो. दसरा-दिवाळीच्या तोंडावर दुकान आठ दिवस बंद, म्हणजे काय ते शिंप्यालाच विचारावं. बायका रस्त्यात अडवून भांडायच्या, "माझं ब्लाउज कधी देणार?" त्या म्हणायच्या, "देते. तुमचा वाटा द्या आधी."

त्यांनी सुरुवात स्वतःच्या वस्तीतून केली होती, आमच्या गल्लीच्याही आधी. तिथं धम्मानंद गुरुजींनी पेन्शनमधून पाच हजार दिले. खुरपायला जाणाऱ्या बायकांनी एकेक दिवसाची मजुरी दिली. आम्ही बाजारपेठेत गेलो, नव्या प्लॉटवर गेलो, पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला निघालेल्या जीपवाल्यांनाही थांबवलं. मी दर दारात मागं, अर्धा भिंतीआड उभा राहत असे. त्या मात्र सरळ दारासमोर. आणि वाक्य तेच, एक शब्द इकडं-तिकडं नाही. "तुमच्या घरचा वाटा मागायला आले." मदत म्हणायच्या नाहीत, दान म्हणायच्या नाहीत. बहुतेकांनी दिलं. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं त्यापेक्षा माझं गाव बरं निघालं.

एक घर मात्र लिहिलं पाहिजे. नाव सांगत नाही. माझ्याच वयाचा माणूस, झोपाळ्यावर बसलेला. बाईंना बघून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काय नागनाथाची लेक, शेवटी आलीस का भाकर मागायला?"

मी काहीतरी बोलायला हवं होतं. पावतीपुस्तकाचं पान दुमडलं होतं, ते मी सरळ करत राहिलो. आजही त्याची लाज वाटते.

सत्यशीलाबाई शांतपणे म्हणाल्या, "भाकर नको, मामा. तव्याचे पैसे द्या. भाकर आमची आमी करतो."

झोपाळा थांबला. आतून म्हाताऱ्याची सून राजेश्री बाहेर आली. तिनं सासऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पाचशेची नोट बाईंच्या हातात ठेवली, हातात, आणि म्हणाली, "मावशी, चहा ठेवलाय. घेतल्याबिगर जायचं न्हाई." आम्ही बसलो. म्हातारा झोपाळ्यावरून उठून गेला. चहा गोड होता. बाहेर आल्यावर त्या वळणापर्यंत नीट चालल्या. मग कडुलिंबाच्या पारावर बसल्या आणि म्हणाल्या, "पाच मिनिटं, आण्णा." मी रस्त्याकडं तोंड करून उभा राहिलो.

बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "बाबा असते तर माझ्यासंगं बोलले असते का?"

"माहीत नाही," मी म्हणालो. खोटं बोलणं त्यांना आवडलं नसतं.

"मला बी न्हाई माहीत," त्या म्हणाल्या, आणि उठल्या. "चला. अजून नऊ घरं हायत ह्या ओळीत."

आठव्या दिवशी ऐंशी हजार पार झाले. परभणीच्या भांडेबाजारात त्या स्वतः गेल्या. पत्र्याचे हलके तवे स्वस्त होते, त्यांनी बिडाचे घेतले. "पत्र्यावर भाकर करपती. द्यायचं तर चांगलं द्यायचं."

कळमगावला निघालो तेव्हा महारुद्रनं टेम्पोला फलक बांधला होता. बाईंनी तो सोडायला लावला. शाळेत पोचल्यावर त्यानं विचारलं, "काकू, रांग लावू का? नावं पुकारतो, एकेक जण येईल, हातात देऊ. दोन फोटो तरी घेऊ."

"रांग न्हाई, फोटो न्हाई. सामान उतरव अन् सगळं व्हरांड्यात मांड. बाजारात मांडतेत तसं. तवे हिकडं, पराती तिकडं. ज्याला जे पसंत पडंल ते घेईल."

"तवे तर सगळे सारखेच हायत की!"

"तू मांड."

मनकर्णाची परात त्यांनी आधी रेणुकाच्या हातात दिली. मग तरटं अंथरून आम्ही सगळं मांडलं. एकतीस तवे भिंतीला टेकून ओळीनं उभे राहिले. बायका अंगणात चिखल चुकवत उभ्या होत्या. कोणी पुढं येईना. इतक्या दिवसांत त्यांना पुकारल्याशिवाय पुढं यायची सवय राहिली नव्हती. सत्यशीलाबाई तव्यांच्या मागं बैठक मारून बसल्या, दुकानात बसतात तशा, आणि त्यांनी कोणालाही बोलावलं नाही.

शेवटी एक म्हातारी आली. हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, हातात काठी. तिनं पहिला तवा उचलला, उलटा केला, कानाजवळ धरला आणि बोटाच्या पेरानं वाजवला. ऐकलं. खाली ठेवला. दुसरा उचलला, वाजवला.

"ह्यो बद वाजायलाय," ती म्हणाली. "चिरला असंल कुठं."

महारुद्र म्हणाला, "आजी, फुकट मिळायलाय. घ्या की कोणता बी!"

सत्यशीलाबाईंनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो मागं सरकला.

म्हातारीला कशाची फिकीर नव्हती. तिसरा तवा तिनं उजेडाकडं धरून बघितला, काठावरून अंगठा फिरवला, जमिनीवर ठेवून हलतो का बघितलं. तोवर आणखी चार-पाच बायका पायऱ्या चढून आल्या. एकीनं परातीचा काठ तपासला. दुसरी म्हणाली, "बारीक हाय की जरा, माझ्या घरी सात माणसं." सत्यशीलाबाई म्हणाल्या, "मोठी खाली असंल बघा, काढून घ्या." मग व्हरांडाभर तवे वाजायला लागले, इकडून, तिकडून, बोटांच्या पेरांनी, आणि बायका एकमेकींना सांगू लागल्या, हा घे, तो नको, हा बघ कसा खणखणतोय.

म्हातारीनं एक तवा काखेत मारला आणि काठी टेकत निघाली. फाटकापर्यंत गेली. तिथं थांबली, तवा पुन्हा कानाशी धरून वाजवला, आणि वळून परत आली.

"ह्यो नको. बदलून द्या."

"बसा, मावशी," सत्यशीलाबाई म्हणाल्या, आणि तरटावर सरकून त्यांनी तिला जागा करून दिली. "सावकाश बघा."